खंडाळा-लोणावळा परिसरातील वनतोड आणि जलाशयांतील सूक्ष्मशैवाल : एक विवेचन

गोषवारा

जलाशयाच्या पाणलोट क्षेत्रातील वृक्षतोडीचा परिणाम पाण्यातील सूक्ष्मशैवालांवर कसा होतो, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील वनप्रदेशांत झाला आहे. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासांतून निष्पन्न झालेली तत्त्वे स्पष्ट करून ती खंडाळा-लोणावळा घाटमाथ्यावरील जलाशयांना कितपत लागू पडतात, याचे विवेचन केले आहे. शीत प्रदेशात वनतोडीनंतर पाणी तपकिरी होते व प्रकाशाच्या अभावी शैवालांची वाढ काही अंशी रोखली जाते. सह्याद्रीत तेच कार्य लाल मातीचा गढूळपणा आणि पावसाळी प्रवाहाचा वेग करतात. त्यामुळे पाणी हिरवे न दिसणे हा पाणलोट सुस्थितीत असल्याचा पुरावा ठरत नाही. शैवालांच्या एकूण प्रमाणाआधी त्यांची जातिरचना बदलते आणि हा बदल पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांत शोधावा लागतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सूक्ष्मशैवाल, पाणलोट क्षेत्र, वनतोड, सुपोषण, डायटम, खंडाळा, लोणावळा.

१. प्रस्तावना

खंडाळा व लोणावळा ही नावे मराठी माणसास घाट, धुके आणि पावसाळी सहल यांमुळे परिचित आहेत. जलविज्ञानाच्या दृष्टीने मात्र या परिसराचे महत्त्व निराळे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील हा घाटमाथा म्हणजे एक जलविभाजक होय. येथे उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेस मिळते, तर कड्यापलीकडे पडणारे पाणी कोकणात उतरते. वार्षिक पर्जन्यमान ४००० मि.मी.पेक्षा अधिक असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो.

हे पाणी अडविण्याचे प्रयत्न दीडशे वर्षांपासून झालेले आहेत. भुशीचे धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना लागणाऱ्या पाण्यासाठी बांधले गेले. पुढे १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरोटा येथील जलाशयांचे पाणी खंडाळ्याच्या कड्यावरून ५०० मीटरहून अधिक उंचीवरून खाली नेऊन १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. टर्बाइनमधून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेत जाते. लोणावळा शहराच्या पाणीपुरवठ्याशी निगडित असा तुंगार्लीचा जलाशयही याच परिसरात आहे. म्हणजेच या तळ्यांतील पाण्याचा दर्जा घाटमाथ्यावरील व घाटाखालील अशा दोन्ही वस्त्यांशी संबंधित आहे.

पाण्याच्या दर्जाविषयी सर्वसामान्यपणे एक ढोबळ समज आढळतो. पाणी हिरवे झाले तर त्यात सांडपाणी मिसळले असावे आणि हिरवे झाले नाही तर सर्व ठीक आहे, असे मानले जाते. या समजाचे दोन्ही भाग अपुरे आहेत. त्यात जलाशयाभोवतालच्या उतारांचा, त्यांवरील वनाचा व ते वन नाहीसे झाल्यावर घडणाऱ्या क्रियांचा विचारच होत नाही. हा विचार कोणत्या दिशेने करावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. सूक्ष्मशैवाल : स्वरूप आणि गरजा

सूक्ष्मशैवाल म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच स्पष्ट दिसणारे, प्रकाशसंश्लेषण करणारे, बहुधा एकपेशीय अथवा तंतुमय सजीव. गोड्या पाण्यात त्यांचे चार गट विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला गट डायटम अथवा करंडक वनस्पतींचा. यांच्या पेशीभोवती सिलिकेचे कवच असते. दुसरा गट हिरव्या शैवालांचा. त्यातील डेस्मिड या उपगटातील कॉस्मेरियम, स्टॉरास्ट्रम यांसारख्या प्रजाती मृदू व पोषकद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात विशेष विविधतेने आढळतात. तिसरा गट नील-हरित शैवालांचा. हे वास्तविक जिवाणू असून त्यांपैकी अ‍ॅनाबीनासारख्या काही प्रजाती हवेतील नायट्रोजन स्थिर करू शकतात. मायक्रोसिस्टिससारख्या प्रजाती पेशीतील वायुपोकळ्यांच्या साहाय्याने पाण्यात वरखाली होतात, पृष्ठभागावर हिरवी साय धरतात आणि त्यांचे काही वाण यकृतास घातक विष निर्माण करतात. चौथा गट कशाभिकायुक्त शैवालांचा होय.

या सर्वांच्या वाढीस प्रकाश, योग्य तापमान, पोषकद्रव्ये आणि पुरेसा काळ या चार गोष्टी लागतात. पोषकद्रव्यांत फॉस्फरसचे स्थान निर्णायक आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९६८ साली स्थापन झालेल्या प्रायोगिक सरोवर क्षेत्रात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग केला. २२६ क्रमांकाच्या सरोवराचे पडद्याने दोन भाग करण्यात आले. एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्या भागात या दोहोंबरोबर फॉस्फरसही घालण्यात आला. फॉस्फरस घातलेल्या भागातच नील-हरित शैवालांची दाट वाढ झाली. सुपोषणाच्या अभ्यासात हा प्रयोग पायाभूत मानला जातो.

चौथी गरज, म्हणजे काळ, बरेचदा दुर्लक्षिली जाते. तळ्यातील पाणी काही दिवसांतच वाहून जात असेल, तर पोषकद्रव्ये विपुल असूनही प्लवक शैवालांना संख्या वाढविण्यास अवधी मिळत नाही. खंडाळ्याच्या संदर्भात हा मुद्दा कळीचा ठरतो.

३. वन पाण्याचे काय करते

पाणलोट क्षेत्रातील वन पाण्यावर अनेक मार्गांनी परिणाम करते. पानांचे छत्र पावसाच्या थेंबांचा आघात सोसते. पालापाचोळा व मुळांचे जाळे माती धरून ठेवते. सच्छिद्र वनमृदेत पाणी मुरते व झऱ्यांच्या रूपाने सावकाश बाहेर पडते. वृक्ष मातीतील नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम ही द्रव्ये शोषून घेतात व पानगळीतून परत देतात, त्यामुळे ती उतारावरच फिरत राहतात. शिवाय ओढ्यांवर सावली असल्याने तेथील पाणी थंड राहते व तळाच्या दगडांवर शैवाल मर्यादित प्रमाणातच वाढते.

वन तोडल्यावर या सर्व क्रिया एकाच वेळी खंडित होतात. याचे सर्वाधिक उद्‌धृत केले जाणारे उदाहरण अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्याच्या हबर्ड ब्रुक येथील आहे. जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन व त्यांचे सहकारी यांनी १९६५ च्या अखेरीस तेथील एका लहान पाणलोटातील सर्व वृक्ष तोडविले आणि पुढील तीन उन्हाळे वनस्पतिनाशक फवारून नवी वाढ होऊ दिली नाही. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ओढ्यातील नायट्रेटचे प्रमाण अबाधित स्थितीच्या तुलनेत पहिल्या वर्षी ४१ पट व दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. ओढ्याचा वार्षिक प्रवाह पहिल्या वर्षी ३९ टक्क्यांनी वाढला. वाढलेला प्रकाश, तापमान व पोषकद्रव्ये यांमुळे ओढ्यात दरवर्षी उन्हाळ्यात शैवालांची दाट वाढ दिसू लागली. शेजारच्या अबाधित पाणलोटात असे काही घडले नाही.

वनस्पतिनाशकाच्या वापरामुळे हा प्रयोग टोकाचा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. सामान्य वृक्षतोडीनंतर झुडपे व फुटवे लवकर येतात व द्रव्यांचा ऱ्हास मंदावतो. तथापि पोषकद्रव्ये उतारावर रोखून धरणे हे जिवंत वनाचे कार्य आहे, ही गोष्ट या प्रयोगाने निर्विवादपणे दाखवून दिली.

४. उत्तरेकडील वनसरोवरांचा अनुभव

ओढ्यातून पुढे सरोवरात गेल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सूचिपर्णी वनांत १९९५ साली काही सरोवरांच्या पाणलोटात वृक्षतोड झाली, तर काहींच्या पाणलोटात वणवे लागले. रिचर्ड कॅरिन्यां, डोलर्स प्लानास व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सरोवरांची अबाधित सरोवरांशी तीन वर्षे तुलना केली. हे अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांतून तीन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी की, तोड व वणवा या दोन्ही प्रकारांत सरोवरांतील फॉस्फरस वाढला. नायट्रेटमधील मोठी वाढ मात्र मुख्यतः जळालेल्या पाणलोटांत आढळली. दुसरी गोष्ट अधिक उद्‌बोधक आहे. तोड झालेल्या पाणलोटांतून कुजलेल्या वनस्पतिद्रव्यांचा तपकिरी अर्क मोठ्या प्रमाणावर सरोवरात आला. विरघळलेला सेंद्रिय कार्बन अबाधित सरोवरांच्या तुलनेत तिपटीपर्यंत गेला आणि पाण्यात प्रकाश शिरणे त्याच प्रमाणात अवघड झाले. परिणामी फॉस्फरस वाढूनही तेथे प्लवक शैवालांची वाढ जळालेल्या पाणलोटांतील सरोवरांपेक्षा कमी राहिली. अन्न होते, परंतु उजेड नव्हता. तिसरी गोष्ट म्हणजे परिणामाची तीव्रता केवळ किती वृक्ष तोडले यावर अवलंबून नव्हती. तोडलेले क्षेत्र आणि सरोवराचे आकारमान यांच्या गुणोत्तरावर ती अवलंबून होती. मोठ्या पाणलोटातील लहान तळ्यास सर्वाधिक झळ पोहोचली.

येथे एक इशाराही नोंदविला पाहिजे. या सरोवरांच्या काठाने सुमारे वीस मीटर रुंदीची वृक्षपट्टी राखलेली असूनही पाण्यात हे बदल घडले. काठावरची पट्टी मातीचे कण अडवू शकते. तिच्याखालून भूजलाबरोबर जाणारी विरघळलेली द्रव्ये मात्र तिला पूर्णपणे अडविता येत नाहीत. याउलट, कॅनडातीलच इतर काही सरोवरांच्या गाळातील डायटम-कवचांचा अभ्यास केला असता वृक्षतोडीनंतरचे बदल अपेक्षेपेक्षा लहान असल्याचेही आढळले आहे. म्हणून वनतोड झाली की शैवाल वाढतेच, असा सरसकट नियम करता येत नाही. पोषकद्रव्ये, प्रकाश, प्रवाह व सरोवराचे आकारमान यांच्या परस्परसंबंधातून परिणाम ठरतो.

५. खंडाळ्याच्या उतारांवरील वन

खंडाळ्याच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद समृद्ध आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एच. सांतापाव यांनी खंडाळ्याच्या सपुष्प वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९५३ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने प्रकाशित केला. दऱ्यांच्या आश्रयाने टिकलेली निमसदाहरित वने आणि उघड्या उतारांवरील पानगळीची वने व गवताळ माळ असे या परिसराचे संमिश्र स्वरूप आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन, आंबा हे येथील परिचित वृक्ष होत.

या वनावरील ताण अनेक काळांत व अनेक प्रकारांनी आलेला आहे. १८५६ ते १८६३ या काळात भोर घाटातून लोहमार्ग बांधला गेला. अशा कामासाठी व त्यावरील प्रचंड मनुष्यबळासाठी लाकूड व सरपण लागणे अपरिहार्य होते. मावळातील भातशेतीत राब भाजण्याची प्रथा जुनी आहे. ऐन व इतर वृक्षांच्या फांद्या छाटून, त्या पालापाचोळ्यासह रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळल्या जातात. उतारांवर वरी-नाचणीसाठी जमीन मोकळी करणे आणि शहरांसाठी कोळसा पाडणे हेही वननाशाचे मार्ग होते. अलीकडील दशकांत बंगले, विश्रामगृहे, रस्ते व त्यांसाठी होणारी डोंगरकापणी यांनी त्यांची जागा घेतली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यानंतर या परिसरातील बांधकामास अधिक गती आली.

या प्रकारांत शैवालांच्या दृष्टीने एक महत्त्वाचा भेद आहे. राबासाठी फांद्या छाटलेला ऐन पुन्हा फुटतो व त्याची मुळे माती सोडत नाहीत. कोळशासाठी तोडलेल्या झाडांचे बुंधे पुष्कळदा पुन्हा फुटवे धरतात. बांधकामासाठी केलेल्या कापणीत मात्र वृक्ष, मुळे व माती तिन्ही जातात आणि पुनर्वाढीस जागाच उरत नाही. पहिल्या प्रकारचा परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो, दुसऱ्या प्रकारचा कायम राहतो.

दुसऱ्या टोकास देवराया आहेत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. देवराईच्या सान्निध्यात झरा वा कुंड असणे सह्याद्रीत नेहमीचे आहे. ओढ्याच्या मुखाशी वन राखण्याची ही परंपरा श्रद्धेतून आलेली असली, तरी पाण्याच्या दृष्टीने नेमक्या जागी केलेली राखण ठरते.

६. घाटमाथ्यावरील जलाशयांत प्रक्रिया कशी वेगळी ठरते

क्वेबेकचा अनुभव जसाच्या तसा खंडाळ्यास लावता येत नाही. तेथे वर्षभरात सुमारे १००० मि.मी. पर्जन्य होते व त्यातील बराच भाग हिमरूपाने पडतो. येथे त्याच्या चौपट वा अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. तेथील जमीन दीर्घकाळ गोठलेली व सेंद्रिय द्रव्यांनी संपृक्त असते. येथील खडक बेसाल्ट असून त्याच्या विदारणाने तयार झालेली तांबडी माती व जांभा लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी युक्त आहे. या भेदांतून चार विशेष संभवतात.

पहिला विशेष प्रकाशाचा. येथे उतार उघडे पडल्यावर तपकिरी अर्काऐवजी लाल माती पाण्यात येते. जुलै महिन्यात गढूळ पाण्यात प्रकाश फार खोल शिरत नाही. क्वेबेकच्या सरोवरांत विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याने जे केले, ते येथे तरंगणारे मातीचे कण करतात. भेद इतकाच की तपकिरी रंग वर्षानुवर्षे टिकतो, तर मातीचे कण पावसाळा ओसरल्यावर तळाशी बसतात आणि ऑक्टोबरपासून पाणी निवळते. प्रकाशाची अडचण येथे हंगामी आहे.

दुसरा विशेष काळाचा. मुसळधार पावसात लहान जलाशयांतील पाणी वेगाने बदलते आणि सांडव्यावरून वाहून जाते. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी हे त्याचेच दृश्य रूप आहे. या काळात प्लवक शैवालांना स्थिर होण्यास अवसर मिळत नाही. म्हणून पोषकद्रव्यांचा सर्वाधिक पुरवठा आणि शैवालांची सर्वाधिक वाढ या दोन घटना येथे एकाच ऋतूत घडत नाहीत.

तिसरा विशेष फॉस्फरसचा. लोहयुक्त मातीचे कण फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे मातीबरोबर आलेल्या फॉस्फरसपैकी बराचसा भाग शैवालांना तत्काळ उपलब्ध होत नाही. तो गाळात जमा होतो. उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर वेगळे होऊन तळाशी प्राणवायू संपला, तर लोहाचे क्षपण होते आणि धरून ठेवलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात मुक्त होते. उथळ जलाशयात पातळी खालावल्यावर वाऱ्याने ढवळलेला गाळही हेच कार्य करतो. एका पावसाळ्यात उतारावरून आलेली माती अशा प्रकारे पुढील अनेक उन्हाळ्यांत शैवालांना अन्न पुरवू शकते. वृक्षतोड थांबली तरी परिणाम का रेंगाळतो, याचे उत्तर येथे मिळते.

चौथा विशेष पातळीतील चढउतारांचा. वीजनिर्मिती व पाणीपुरवठ्यासाठीचे जलाशय हिवाळा-उन्हाळ्यात रिकामे होत जातात. उघड्या पडलेल्या काठावर गवत उगवते, गुरे चरतात, काही ठिकाणी गाळपेर होते. पुढील पावसाळ्यात ती जमीन पाण्याखाली जाऊन तिच्यातील पोषकद्रव्ये जलाशयात मिसळतात. त्यातच वनतोडीमुळे झऱ्यांचा उन्हाळी प्रवाह आटला, तर साठलेले पाणी अधिक काळ एका जागी राहते व अधिक तापते. वन पावसाळ्यात माती अडविते आणि उन्हाळ्यात ताजे पाणी पुरविते. ते गेल्यावर दोन्ही बाजूंनी नील-हरित शैवालांस अनुकूल स्थिती निर्माण होते.

७. प्रमाणाआधी जातिरचना

वरील विवेचनावरून एक व्यावहारिक प्रश्न उद्‌भवतो. परिणाम उशिरा व अप्रत्यक्षपणे दिसणार असेल, तर तो वेळीच ओळखावा कसा? त्याचे उत्तर शैवालांच्या जातिरचनेत आहे.

अबाधित पाणलोटातील घाटाच्या ओढ्यांत दगडांना चिकटून राहणाऱ्या डायटमांचे प्राबल्य असते. बेसाल्टच्या विदारणातून मिळणारी सिलिका त्यांच्या कवचास उपयोगी पडते. उतारावरून बारीक गाळ येऊ लागला की दगडांवर त्याचा थर साचतो. अशा थरात चिकटून राहणाऱ्या प्रजाती गुदमरतात व गाळातून सरकत वर येऊ शकणाऱ्या नाविक्युला, निट्झशिया, सुरिरेला या चल प्रजातींचे प्रमाण वाढते. पाण्यातील एकूण हरितद्रव्य तेवढेच असले, तरी हा पालट घडलेला असू शकतो. सावली नाहीशी झालेल्या ओढ्यात पावसाळ्यानंतर स्पायरोगायरासारख्या तंतुमय हिरव्या शैवालांची झुलपे दिसू लागतात.

जलाशयात डेस्मिडांची विविधता घटणे हा पहिला संकेत मानता येतो. त्यानंतर क्लोरोकॉकेलीज गणातील हिरवी शैवाले व मध्यवर्ती सममितीचे डायटम वाढतात आणि अखेरीस उन्हाळ्यात नील-हरित शैवालांचे वर्चस्व येते. डॅनिश अभ्यासक नायगार्ड यांनी १९४९ मध्ये मांडलेला संयुक्त भागफल याच तत्त्वावर आधारलेला आहे. त्यात इतर गटांतील जातींच्या संख्येस डेस्मिड जातींच्या संख्येने भागले जाते.

या पालटाचा परिणाम अन्नसाखळीवर होतो. डायटम व लहान हिरवी शैवाले प्राणिप्लवकांचे उत्तम अन्न आहेत. नील-हरित शैवालांच्या मोठ्या वसाहती त्यांना गिळता येत नाहीत. वळवण येथे टाटा कंपनीच्या वतीने १९७० च्या दशकापासून महसीर माशांचे बीजोत्पादन केले जात आहे. स्वच्छ व प्राणवायुयुक्त पाणी ही महसीरची गरज आहे. सूक्ष्मशैवालांतील बदल हा म्हणूनच केवळ सूक्ष्मदर्शकापुरता विषय राहत नाही.

८. निदानातील पेच

लोणावळ्यासारख्या पर्यटनस्थळी जलाशयांत सांडपाणी मिसळण्याची शक्यता नेहमीच असते. सुपोषणाची लक्षणे दिसल्यास ती सांडपाण्याची की उघड्या उतारांची, हे वेगळे काढणे अगत्याचे आहे, कारण दोहोंचे उपाय भिन्न आहेत. सांडपाण्यावर शुद्धीकरण केंद्र हा उपाय आहे, उताराच्या धुपीवर नाही.

सांडपाण्याचा भार वर्षभर चालू राहतो व सुट्ट्यांच्या काळात वाढतो. त्याबरोबर अमोनिया व कोलिफॉर्म जिवाणू येतात. उतारावरून येणारा भार पहिल्या मोठ्या पावसांबरोबर येतो. त्यात खनिज गाळ, नायट्रेट व पोटॅशियम यांचे प्रमाण लक्षणीय असते आणि ओढ्यांत चल डायटमांचे प्राबल्य दिसते. सांडपाण्याचे निदर्शक म्हणून सामान्यतः क्लोराइड मोजले जाते. परंतु क्वेबेकमध्ये वस्ती नसलेल्या पाणलोटांतही तोडीनंतर सरोवरातील क्लोराइड वाढले होते, हे ध्यानात घेता केवळ त्यावर विसंबणे योग्य नाही. पामर यांच्या १९६९ च्या प्रदूषण निर्देशांकाचा वापर महाविद्यालयीन संशोधनात सर्रास होतो. तो सेंद्रिय प्रदूषण सहन करणाऱ्या प्रजातींवर आधारलेला असल्याने सांडपाण्याचे निदान त्यातून होऊ शकते. धुपीचे निदान मात्र तो करीत नाही. या निर्देशांकानुसार निर्दोष ठरलेला जलाशय मातीने भरत असू शकतो.

९. महाविद्यालयीन अभ्यासास वाव

महाराष्ट्रात शैवाल-अभ्यासाची परंपरा जुनी आहे. गोन्साल्विस व जोशी यांनी वांद्रे येथील तलावातील शैवालांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या क्रमाचा अभ्यास १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर, पन्हाळा, मुंबई-साष्टी येथील डायटमांची नोंद केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पश्चिम घाटातील डायटमांवर कार्य झाले असून अनेक नव्या जातींचे वर्णन करण्यात आले आहे. या परंपरेत पाणलोटाचा विचार जोडणे हे पुढील पाऊल ठरेल.

त्यासाठी खर्चिक साधने लागतात असे नाही. एकाच आकाराच्या दोन ओढ्यांची निवड करावी, एकाच्या मुखाशी देवराई वा दाट वन असावे व दुसऱ्याच्या मुखाशी उघडा उतार. ऑक्टोबर ते मे या काळात दरमहा दगडांवरील डायटम खरवडून त्यांची तुलना करावी. जलाशयात सेकी तबकडीने पारदर्शकता मोजावी, प्लवकजाळीने नमुना घेऊन तो ल्यूगॉलच्या आयोडीन द्रावणात जतन करावा व सेजविक-राफ्टर पेटिकेत मोजणी करावी. जाळीतून अतिसूक्ष्म जाती निसटतात, म्हणून संख्यात्मक मोजणीसाठी न गाळलेल्या पाण्याचाही नमुना ठेवावा. पारदर्शकता कमी आढळल्यास ती मातीमुळे की शैवालांमुळे, हे हरितद्रव्य मोजून ठरवावे. हे सर्व पाणलोटाच्या नकाशासह केल्यास उघडे क्षेत्र व जलाशयाचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर काढता येईल.

जुन्या जलाशयांच्या तळाचा गाळ हाही एक दप्तरखाना आहे. डायटमांची कवचे त्यात टिकून राहतात. पातळीतील चढउतारांमुळे काठचा गाळ विस्कळीत झालेला असला, तरी खोल भागातील थरांतून एका शतकाचा इतिहास वाचण्याची शक्यता आहे.

१०. निष्कर्ष

वनतोडीचा सूक्ष्मशैवालांवरील परिणाम पोषकद्रव्ये, प्रकाश, तापमान व प्रवाह या चार मार्गांनी होतो. हे मार्ग परस्परांना पूरक असतात, तसेच विरोधीही असतात. उत्तरेकडील सरोवरांत तपकिरी रंगाने आणि सह्याद्रीत लाल गाळ व पावसाळी प्रवाहाने परिणाम काही काळ झाकला जातो. तो नाहीसा होत नाही. गाळात साठलेला फॉस्फरस पुढील उन्हाळ्यांत आपले अस्तित्व प्रकट करू शकतो.

यावरून दोन गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. पहिली, पावसाळ्यात घेतलेल्या एखाद्या नमुन्यावरून किंवा पाण्याच्या रंगावरून जलाशयाच्या आरोग्याविषयी निर्णय देऊ नये. दुसरी, वृक्षतोडीचे मोजमाप वृक्षांच्या संख्येत केल्याने जलाशयाचे नुकसान समजत नाही. ते वृक्ष उताराच्या कोणत्या भागात होते, ओढ्यापासून किती अंतरावर होते आणि खालच्या तळ्याच्या मानाने किती क्षेत्र उघडे झाले, हे पाहावे लागते. शंभर झाडे दुसरीकडे लावल्याने ओढ्याच्या मुखाशी तोडलेल्या दहा झाडांची भरपाई होत नाही. खंडाळ्याच्या उतारांवर आज जे वन उरले आहे, त्याचे मूल्य ठरविताना खालच्या तळ्यांतील, डोळ्यांना न दिसणाऱ्या या सजीवांची साक्ष काढणे आवश्यक आहे.